लॉनचं पाणी आणि आपला हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संस्थेच्या सभागृहात सभासदांचा मेळावा होत असे. त्यातील मार्च महिन्याच्या मेळाव्यात केलेले हे भाषण. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला आहे ‘घरच्या लॉनची निगा’. ऐकायला निवांत विषय आहे. पण पुढच्या महिन्यात आपली विशेष सर्वसाधारण सभा आहे आणि तिच्या विषयपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाला काय लिहिलं आहे ते आपण सर्वांनी वाचलं असेल. ‘मधल्या लॉनच्या जागी पेव्हर ब्लॉक बसवून अकरा चारचाकींची सोय करणे.’ कारण दिलं आहे पाण्याचं. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, आणि टँकरचं पाणी लॉन पितं, असा एकूण सूर आहे. तेव्हा आज मी निगा सांगणार आहे, पण आकड्यांसकट. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून तुम्ही दुसरी अपेक्षाही करू नये.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करतो. लॉन ही आपल्याकडची चीज नाही. ती आली इंग्रजांबरोबर. तिकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत असतो. लंडनचा वर्षाचा पाऊस आपल्या पुण्यापेक्षा कमीच भरतो, पण तो बारा महिन्यांत वाटला जातो. आपल्याकडे सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. म्हणजे त्यांचं पेन्शनसारखं, दरमहा जमा. आणि आपलं ऊसवाल्यासारखं, एकदाच पैसे आले की वर्षभर पुरवायचे. आता बाराही महिने इंग्लंडसारखी हिरवीगार लॉन पाहिजे असा हट्ट धरला, तर पाणी लागणारच. ज्यांना पेव्हर ब्लॉक हवे आहेत त्यांचं हे म्हणणं चुकीचं नाही. फक्त लॉन ठेवायची म्हणजे तसा हट्ट धरायचाच, हे मला मान्य नाही.

आपल्या लॉनवर गवत कोणतं आहे हे किती जणांना माहीत आहे? बिल्डरनं ताबा देताना कोरियन गवताचे गालिचे अंथरून दिले होते. दिसायला मखमल. नवीन सभासदांना भुरळ पडायलाच ते लावलेलं असतं. चारेक वर्षांत ते जागोजागी फुगलं, आतून वाळलं, आणि त्या वेळच्या कमिटीनं ते काढून हरळीचे तुकडे रोवून घेतले. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती, शेताच्या बांधावरचं गवत आणून लावलं म्हणून. पण तीच हरळी आज वीस वर्षं टिकून आहे. हरळी म्हणजेच दूर्वा. गणपतीत एकवीस दूर्वांसाठी आपली पोरं याच लॉनवर वाकलेली असतात. (म्हणूनच माझा एक कायमचा आग्रह आहे की लॉनवर कसलंही औषध फवारलं तर फलकावर तारीख लिहा, आणि त्यानंतर पूजेसाठी तिथलं काही खुडू नका.)

शेतकरी हरळीला वैतागतो, कारण ती मरत नाही. तिच्या कांड्या जमिनीखाली आणि जमिनीवर पसरतात, प्रत्येक पेराला मुळं फुटतात. पाणी तुटलं की वरची पानं वाळवून ती आत दडून बसते. उन्हाळ्यात पिवळी पडलेली हरळी मेलेली नसते. जूनच्या पहिल्या दोन सरी पडू द्या, आठ-दहा दिवसांत ती पुन्हा उभी राहते. शेतकऱ्याला जो तिचा दुर्गुण वाटतो, तोच आपल्या उपयोगाचा गुण आहे. पण आपण वागवतो तिला कोरियन गवतासारखं.

आता पाण्याकडे येतो.

आपल्याकडे गेली कित्येक वर्षं माळीकाका रोज सकाळी दीड तास पाइप धरून उभे असायचे. मी एक दिवस वीस लिटरची बादली घेऊन खाली गेलो आणि घड्याळ लावलं. बादली भरायला पन्नास सेकंद लागली. म्हणजे मिनिटाला चोवीस लिटर, आणि दीड तासात २,१६० लिटर. आठवड्याचे झाले १५,१२० लिटर, म्हणजे दहा हजारांचा दीड टँकर.

आता हे जास्त की कमी? त्यासाठी एक हिशेब लक्षात ठेवा, तो घरच्या दहा बाय दहाच्या लॉनलाही लागू पडतो. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी सारखं पसरलं तर एक मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं होतं. आपली लॉन तीन हजार चौरस फूट, म्हणजे साधारण २८० चौरस मीटर. तेव्हा लॉनवर एक मिलिमीटर म्हणजे २८० लिटर. २,१६० लिटर म्हणजे रोज साडेसात मिलिमीटरच्या वर. पुण्याच्या कडक एप्रिल-मे महिन्यात हरळीला दिवसाला चार-पाच मिलिमीटर पुरतात. म्हणजे आपण गरजेच्या दीडपट घालत होतो आणि तरीही जिमखान्याच्या बाजूचा कोपरा वाळलेला होता! वहिनींनी तक्रारवहीत तीन वेळा लिहिलं आहे, ‘माळी त्या कोपऱ्याला पाणी घालत नाही.’

तो घालत होता. पण पाइप धरून उभा माणूस नळाजवळ जास्त थांबतो आणि लांबच्या टोकाला कमी, हे माणसाच्या स्वभावात आहे. शिवाय पाइपचा जोर लांब जाईपर्यंत मरतो. मी श्रीखंडाचे बारा रिकामे डबे लॉनवर ठेवून बघितलं. सरळ बाजूचे, एकसारखे डबे पाहिजेत, आणि एक पट्टी. पाणी घालून झाल्यावर प्रत्येक डब्यात पट्टी बुडवली. नळाजवळच्या डब्यात सतरा मिलिमीटर, कोपऱ्यातल्यात दोन. एकाच लॉनवर एकीकडे अतिवृष्टी आणि दुसरीकडे दुष्काळ. महाराष्ट्राचा नकाशाच म्हणा ना.

पण खरी गोम यापेक्षा खोल आहे, अगदी शब्दशः खोल. रोज थोडं थोडं पाणी घातलं की वरची दीड-दोन इंच माती कायम ओली राहते. मुळांना खाली जायचं काही कारणच उरत नाही. पाणी वरच मिळतंय, तर कष्ट कोण करील? मग एखाद्या दिवशी लाइट गेली, पंप बंद पडला, माळीकाका गावाला गेले की त्या वरच्या दोन इंचांतलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं आणि लॉन कोमेजते. आपण म्हणतो, ‘बघा, एक दिवस पाणी नाही घातलं तर काय अवस्था झाली!’ आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी नेमानं रोज घालतो. त्या सवयीनंच लॉन नाजूक होत जाते.

उलट करायचं असतं. पाणी घालायचं ते एकदम भरपूर, पाच-सहा इंच खोल जाईल इतकं, आणि मग वरची माती सुकेपर्यंत थांबायचं. पाणी खाली सरकतं, त्याच्या मागे मुळंही खाली जातात. खालची माती उन्हानं लवकर तापत नाही, लवकर सुकत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. गेल्या मार्चमध्ये कमिटीची परवानगी घेऊन आपण लॉनचे दोन भाग केले. मध्ये सुतळी बांधली होती, आठवत असेल. दोन-तीन जण अडखळलेसुद्धा. पूर्वेच्या अर्ध्या भागाला नेहमीप्रमाणे रोज पाइप. पश्चिमेच्या अर्ध्या भागाला आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, दोन स्प्रिंकलर लावून दर वेळी पंधरा मिलिमीटर. १४० चौरस मीटरला पंधरा मिलिमीटर म्हणजे २,१०० लिटर, तेच दीड तासाचं पाणी. बागेच्या लाइनवर छोटा मीटर बसवला आणि पंपाच्या खोलीत वही टांगली.

आपली जमीन काळी आहे. काळी माती पाणी धरून चांगली ठेवते, पण आत घ्यायला वेळ लावते. सलग दीड तास सोडलं की अर्धं पाणी रस्त्यावर वाहतं. म्हणून पाऊण तास सोडायचं, अर्धा तास थांबायचं, आणि मग पुन्हा पाऊण तास. मधल्या अर्ध्या तासात माळीकाका खुरपणी करतात.

पहिल्या तीन आठवड्यांत काय झालं ते लपवत नाही. पश्चिमेचा भाग खराब दिसायला लागला. रंग उतरला. तक्रारवहीत चार नोंदी आल्या, एक तर लाल शाईत. मला जिन्यात अडवून एका तरुण सभासदानं विचारलं, ‘काका, प्रयोग अजून किती दिवस?’ आखूड मुळांच्या गवताची सवय मोडायला तेवढा वेळ लागतोच. चौथ्या-पाचव्या आठवड्यात फरक थांबला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, आपला पंप अडीच दिवस बंद होता तेव्हा, पूर्वेचा भाग दुसऱ्याच दिवशी निळसर-राखाडी पडला आणि पश्चिमेच्या भागाला पत्ताही नव्हता. त्यानंतर मी आणि माळीकाकांनी दोन्हीकडे खुरप्यानं एकेक ढेकूळ उचकटून बघितलं. पूर्वेला मुळं दोन इंचांच्या आत संपलेली. पश्चिमेला पाच इंचांपर्यंत पांढरी, जिवंत मुळं. ते ढेकूळ मी बाटलीत घालून कमिटीच्या टेबलावर ठेवलं होतं. सचिवांनी ते तिथून का हलवलं हे त्यांनाच ठाऊक.

आता वहीतले आकडे. पूर्वेच्या अर्ध्या भागाला आठवड्याला ७,५६० लिटर, पश्चिमेच्या अर्ध्याला ४,२००. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत अकरा आठवडे धरले, तर अर्ध्या लॉनवर सदतीस हजार लिटर वाचले. सगळ्या लॉनला हीच पद्धत लावली तर चौऱ्याहत्तर हजार, म्हणजे सात टँकर भरतील आणि वर थोडं उरेल. टँकरचा भाव खजिनदार साहेब सांगतील, त्यांना तो झोपेतही पाठ आहे.

आणि दुसराही एक आकडा द्यायला हवा, नाहीतर हिशेब अर्धा राहील. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. आपली बेचाळीस घरं, घरटी चार माणसं धरली, तर दिवसाला २२,६८० लिटर होतात. लॉनचं नव्या पद्धतीनं दिवसाचं सरासरी १,२०० लिटर. शेकडा पाच-साडेपाच. आपल्या इमारतींमधल्या गळक्या फ्लशच्या टाक्या एकदा मोजा, आणि मग टँकर कोण पितं ते ठरवा. गळक्या टाकीवर पेव्हर ब्लॉक बसवता येत नाहीत, हीच अडचण आहे.

पाण्याची वेळ पहाटे साडेपाच ते आठ. ऊन नसतं, वारा पडलेला असतो, आणि पानं दिवसभरात सुकतात. दुपारी घातलेल्या पाण्यातलं बरंच हवेतच जातं. संध्याकाळी घातलं तर रात्रभर पानं ओली राहतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत तपकिरी गोल डाग पडतात ते बुरशीचे. ‘पाणी आज घालायचं का’ हे ठरवायला कॅलेंडरपेक्षा पाय बरे. सकाळी लॉनवरून चालत जा आणि मागे वळून बघा. पावलांचे ठसे लगेच उठून आले तर आज पाणी नको. दबलेलं गवत तसंच पडून राहिलं तर तहान लागली आहे. दुसरी खूण म्हणजे लांब स्क्रू-ड्रायव्हर. पाणी घातल्यावर तासाभरानं तो मातीत पाच-सहा इंच सहज गेला तर पाणी पोहोचलं. मध्येच अडला तर पोहोचलं नाही, किंवा खाली बिल्डरचा राडारोडा आहे. आपल्याकडे दोन ठिकाणी तो राडारोडाच निघाला. विटांचे तुकडे, सिमेंटची पोतीसुद्धा. तिथे कितीही पाणी घाला, गवत पिवळंच राहणार. खणून माती बदलल्याशिवाय इलाज नाही.

थंडीत दहा दिवसांतून एकदा पाणी पुरतं. डिसेंबर-जानेवारीत हरळीची वाढ जवळजवळ थांबते, रंग फिका पडतो. त्यावर खत मारू नका. पावसाळ्यात आठवड्याची उघडीप पडली तरच पाणी. आणि बाहेर पाऊस कोसळत असताना स्प्रिंकलर चालू, हे दृश्य यापुढे आपल्या संस्थेत दिसू नये. गेल्या जुलैत ते दिसलं होतं. ‘रोज सोडायचं’ असा नियम असला की माणूस आभाळाकडे बघायचं थांबतो.

तळमजल्याच्या मंडळींचा एक प्रश्न नेहमी असतो: वॉशिंग मशीनचं पाणी लॉनला चालेल का? नको. साबणाच्या पावडरीतल्या क्षारांनी आपली काळी माती घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. आर.ओ. मशीनचं वाया जाणारं पाणीही खारट असतं. ते फरशी पुसायला वापरा. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला. बोअरचं पाणीही क्षारांचं आहे, पण पावसाळ्यात जमीन धुऊन निघते म्हणून चालून जातं.

कापणीबद्दल थोडक्यात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. आपल्याकडे पद्धत अशी की महिनाभर वाढू द्यायचं आणि मग सणाच्या आदल्या दिवशी हजामत करायची. खाली पिवळे देठ उघडे पडतात आणि ‘लॉनला रोग पडला’ म्हणून मला फोन येतो. हरळी दीड इंचाच्या आसपास ठेवावी. उन्हाळ्यात थोडी जास्तच, म्हणजे तिची सावली तिच्याच मुळांवर पडते. पात्याला धार हवी. बोथट पात्यानं गवत कापलं जात नाही, ओरबाडलं जातं, आणि टोकं पांढरी पडतात. कापलेलं बारीक गवत झाडून कचऱ्याच्या गाडीत देऊ नका. तिथेच पडू द्या, आठवड्यात मुरतं, तेवढं खत वाचतं.

खत म्हणजे युरियाचं पोतं नव्हे. चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या वर युरिया नको. म्हणजे आपल्या सगळ्या लॉनला एका वेळी पावणेतीन किलो. कोरड्या पानांवर सारखा फेकायचा आणि लगेच पाणी द्यायचं, नाहीतर जिथे मूठ सुटली तिथे गोल करपतं. वर्षातून दोनदा पुरे: पाऊस लागल्यावर एकदा, आणि ऑगस्टात एकदा. त्यापेक्षा मोलाची आहे ती माती. फेब्रुवारी-मार्चमध्ये काट्यानं, म्हणजे त्या चार दातांच्या फोर्कनं, जमिनीला भोकं पाडायची आणि चाळलेली माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू यांचं मिश्रण पाव इंचाचा थर येईल असं पसरून झाडूनं सारखं करायचं. आपल्या लॉनला ते अर्ध्या ब्रासहून थोडं जास्त लागतं. खत मात्र पूर्ण कुजलेलं पाहिजे, कारण कच्च्या शेणखतातून हुमणी येते. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंबाभोवती तपकिरी भुंगेरे घोंघावतात ना, त्यांच्याच त्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या. त्या मुळं खातात. ऑगस्ट-सप्टेंबरात लॉनचा एखादा तुकडा पिवळा पडला आणि हातानं ओढल्यावर सतरंजीसारखा उचलला गेला, तर पाणी वाढवू नका, खाली हुमणी शोधा. साळुंक्या एकाच जागी टोचत असतील तर त्यांनी ती तुमच्या आधी शोधली आहे. भुंगेरे असतानाच दिव्याखाली रॉकेल किंवा साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवून गोळा करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

लव्हाळ्याबद्दल बोललं नाही तर माळीकाका मला माफ करणार नाहीत. तो वरून उपटला की जमिनीतल्या गाठीतून दुप्पट येतो. गाठीसकट खणून काढावा लागतो, आणि जिथे जमीन सतत ओली तिथेच तो फोफावतो. आपल्याकडे तो नळाजवळ आहे. का, ते आता सांगायला नको. गेल्या वर्षी पश्चिमेच्या भागात खुरपणीला माळीकाकांना आठवड्याला सहा तास मिळाले, कारण हातात पाइप नव्हता.

इथे थोडं थांबतो, कारण मला वाटतं सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. आपण माळ्याच्या हातात पाइप बघितला की आपल्याला वाटतं तो काम करतोय. तो उकिडवा बसून लव्हाळ्याच्या गाठी काढत असला की वाटतं, बसलाय. मी जुन्या तक्रारवह्या वाचल्या. ‘आज माळ्याने पाणी घातले नाही’ अशा नोंदी दर वर्षी आहेत. ‘आज माळ्याने जास्त पाणी घातले’ अशी पंचवीस वर्षांत एकही नाही. तेव्हा त्यांनी काय करावं? रोज घातलं. आणि आता त्याच पाण्याचा खर्च दाखवून आपण लॉन काढायला निघालो आहोत, आणि लॉनबरोबर त्यांचं काम. ठरावाच्या मसुद्यात ‘माळीकामाची बचत’ असा एक आकडा आहे. तो बघून मला बरं वाटलं नाही, हे मी इथे स्पष्ट सांगतो.

पेव्हर ब्लॉकच्या बाजूचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. गाड्या वाढल्या आहेत, रात्री नऊनंतर येणाऱ्याला जागा मिळत नाही, हे खरं आहे. ज्यांच्या घरी लहान मूल आणि म्हातारी आई आहे, त्यांनी बाहेर रस्त्यावर गाडी लावून सामान उचलत यावं, हे मलाही पटत नाही. पण दोन गोष्टी ठरावाआधी बघा. मंजूर नकाशात ही जागा काय म्हणून दाखवली आहे ते नकाशा उघडून वाचा. मोकळी जागा म्हणून दाखवलेल्या जमिनीवर पार्किंग करणं बहुमताच्या हातात नसतं. आणि दुसरं, पावसाचं पाणी. २८० चौरस मीटरवर सातशे मिलिमीटर म्हणजे वर्षाला जवळजवळ दोन लाख लिटर. आज त्यातलं बरंचसं लॉनमध्ये मुरतं आणि आपला बोअर त्याच्या बाजूलाच आहे. सिमेंटच्या थरावर बसवलेल्या ब्लॉकवरून ते सरळ उतारानं जाईल, आणि आपला उतार बेसमेंटच्या तोंडाकडे आहे. २०१९ च्या पावसात तिथे किती पाणी साचलं होतं ते बी विंगनं विसरू नये.

मधला मार्ग आहे. उत्तरेच्या बाजूला शेजारची नवी इमारत झाल्यापासून दोन तासही ऊन येत नाही. हरळीला निदान पाच-सहा तास ऊन लागतं. तिथे गवताचा हट्ट सोडा. ती दहा फुटांची पट्टी मी स्वतःच पार्किंगला द्यायला सुचवतो, मात्र मधून भोकं असलेले, गवत उगवू देणारे ब्लॉक वापरून. नकाशात बसलं तर तिथे तीन गाड्या मावतील. अकरा नाहीत, तीन.

डिसेंबरातल्या मुख्य सोहळ्याचा मंडप लॉनवरच घालायचा आहे, म्हणून एवढं लिहून घ्या. आधी दोन दिवस खोल पाणी, मग सोहळ्याच्या दिवशी अजिबात नाही. ओल्या मातीवर दोनशे माणसं चालली की ती पाटासारखी घट्ट होते. मॅटिंग एका रात्रीपेक्षा जास्त ठेवायचं नाही. दहाव्या वर्धापनदिनाला मंडपवाल्यानं चार दिवस कार्पेट उचललं नव्हतं. खाली गवत पांढरंफटक पडलं आणि भरून यायला पाऊस यावा लागला. स्टेजच्या प्लायवुडखाली विटा घाला, हवा खेळू द्या. करारात लिहून घ्या, तोंडी सांगून उपयोग नाही.

उद्यापासून सगळ्या लॉनला नवं वेळापत्रक लागेल. पश्चिम सोमवार-गुरुवार, पूर्व मंगळवार-शुक्रवार. बुधवार, शनिवार, रविवार कॉक बंद. पूर्वेचा भाग आता तीन-चार आठवडे वाईट दिसेल. तक्रारवहीत लिहायच्या आधी पश्चिमेकडे एक नजर टाका. मीटरचा आकडा रोज सकाळी आठला वॉचमन लिहील, आणि ती वही सभेच्या दिवशी इथे टेबलावर असेल. कॉकची किल्ली माळीकाकांकडे, दुसरी माझ्याकडे. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला पूर्वेच्या भागावर डबे मांडून मोजणार आहोत, त्यासाठी खास कॉक उघडू. मला अजून चौदा डबे कमी पडतात. पाडवा जवळ आला आहे, तेव्हा श्रीखंड घरोघरी येईलच. संपवण्याची घाई करा, आणि डबा धुऊन आणा.